यादी छापली, पण माल उचलणार कोण?

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीत तुम्ही तरुणांसाठी कमी भांडवलाच्या धंद्यांची जी यादी छापलीय ती वाचली. पेपर माझ्या हातात यायच्या आधीच शेजारच्या पोराने फोटो काढून गल्लीच्या ग्रुपवर टाकली होती, म्हणजे वाचतात लोक, तुमचं अभिनंदन. शेंगा चटणी, कडक भाकरी, अगरबत्ती, फुलवाती, द्रोण-पत्रावळी, घरगुती डबे, भांडवल इतकं, नफा तितका, सगळं रंगीत चौकटीत. बाजूला लॅपटॉप घेऊन हसणाऱ्या मुलीचा फोटो. लॅपटॉपवर ती कडक भाकरी कशी करते ते कळलं नाही, पण फोटो छान आहे.

पहिलंच नाव शेंगा चटणी. सोलापूरच्या पोराला शेंगा चटणीचा धंदा कर म्हणणं म्हणजे पंढरपुरात जाऊन बुक्का विक म्हणण्यासारखं आहे ओ. इथं गल्लीगल्लीत चटणी कुटली जाते, आणि कुटली जाते म्हणतोय मी, तुमच्या लेखात 'मिक्सरमधून फिरवून घ्यावी' असं लिहिलंय. मिक्सरमधून काढलं की त्याचं कूट होतं, चटणीला उखळात घाव बसून तेल सुटावं लागतं. ज्यांनी लिहिलंय त्यांनी सोलापूरची चटणी खाल्ली असेल, करताना बघितलेली नाही. असो, चटणीसाठी पत्र लिहायला बसलो नाही.

पत्र लिहितोय ते फुलवातींसाठी. 'मशीन घ्या, कच्चा माल कंपनीच देते, तयार मालही कंपनीच घेते, विक्रीची चिंता नाही' असं तुमच्या लेखकाने अगदी बिनधास्त लिहिलंय. माझ्या भाच्याने मागच्या वर्षी हेच ऐकून मशीन घेतलं. कुंभारीला गोदूताई वसाहतीत राहतो, आयटीआय झालेला, कष्टाळू पोरगा. कंपनीचं नाव लिहीत नाही, लिहिलं तरी तुम्ही छापणार नाही. पस्तीस हजाराचं मशीन, स्टॅम्प पेपरवर करार, वर एक टोपी आणि टी-शर्ट फुकट. पैसे कुठून आणले तर माझ्या बहिणीच्या पाटल्या पतसंस्थेत ठेवून. घरात सगळे रात्री जागून वाती काढायचे, लाईट गेली की थांबायचं, आली की परत बसायचं.

पहिला लॉट घेतला. पैसे पण दिले, ते देतातच, त्याशिवाय पोरगा दुसरा कापूस कसा विकत घेणार? दुसऱ्या लॉटला निम्मा माल नापास, वात सैल आहे म्हणे, तिसऱ्याला ओलसर आहे म्हणे. सोलापुरात, एप्रिल महिन्यात, ओलसर! इथं वाळत घातलेला टॉवेल आत जाऊन येईपर्यंत पापड होतो, कापूस ओलसर कुठून राहील? परत आलेल्या मालाचं कुरिअर भाडं पण ह्याच्याच डोक्यावर, करारात बारीक अक्षरात 'गुणवत्तेबाबत कंपनीचा निर्णय अंतिम' असं लिहिलेलं. त्यानंतर फोन लागायचा बंद झाला.

आता मुद्द्याचं सांगतो. ती कंपनी त्याला सापडली कुठं? आपल्याच दैनिकात, साहेब. 'घरबसल्या व्यवसाय' म्हणून छोट्या जाहिरातीत. आणि कालच्या पुरवणीत तुमची यादी ज्या पानावर आहे त्याच्या मागच्या पानावर तसल्याच दोन जाहिराती आहेत, उलटून बघा. पुढच्या पानावर लेखक सांगतो मशीन घे, मागच्या पानावर मशीनवाला नंबर देतो. जाहिरातीतील दाव्यांशी आम्ही सहमत असूच असे नाही, हे तुम्ही खाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात छापता ते मला माहीत आहे. लेखाखाली पण छापा मग.

आमच्या आईने आयुष्यभर विड्या वळल्या. वडिलांची मिल बंद पडली तेव्हा घर चाललं ते त्या विड्यांवर. पानं कारखान्याची, तंबाखू कारखान्याची, सुपात हजार विड्या नेऊन दिल्या की तिथला माणूस ही सैल, हिचं पान फाटलंय म्हणून छाट काढायचा. छाटलेल्या विडीची मजुरी नाही, पानाचा हिशोब मात्र आईकडूनच घ्यायचे. भाच्याने कंपनीचा 'रिजेक्ट' मेसेज दाखवला तेव्हा आई बसल्या जागेवरून म्हणाली, छाट काढली म्हण की. तिला मशीन, लॉट, बायबॅक म्हणजे माल परत विकत घेणं, काही कळत नाही, पण धंदा बरोबर ओळखला.

फरक एवढाच की विडीवाल्या बाया मजूर होत्या, म्हणून त्यांना युनियन होती, मोर्चे होते, १९६६ साली विडी कामगारांसाठी केंद्राचा कायदा झाला, पीएफ मिळाला, भांडून भांडून त्याच कुंभारीला दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. माझा भाचा मात्र 'उद्योजक' आहे. कच्चा माल त्यांचा, भाव त्यांचा, पास-नापास त्यांचं, फक्त मशीनचे पैसे आणि तोटा ह्याचा. मजूर असता तर कामगार ऑफिसला तरी जाता आलं असतं, उद्योजकाने कुठं जायचं ते तुमच्या लेखकाला विचारून सांगा.

लेखात शेवटी दोन ओळी कर्जाच्या आहेत, 'मुद्रा व इतर शासकीय योजनांचा लाभ घ्यावा'. घ्यावा म्हणजे कसा? मुद्राच्या शिशु गटात ५० हजारापर्यंत विनातारण मिळतं हे कागदावर बरोबर आहे, भाचा पण गेला होता, कोटेशन आण, सिबिल बघू, साहेब रजेवर आहेत, सोमवारी या. म्हणून पाटल्या गेल्या ना. आणि पीएमईजीपी, म्हणजे नवीन धंद्याच्या कर्जावर सबसिडी देणारी केंद्राची योजना, तिचं तर सगळ्यांना वाटतं सरकार हातात पैसे देतं. सबसिडी शहरात १५ आणि ग्रामीण भागात २५ टक्के, महिला, मागासवर्गीय वगैरेंना २५ आणि ३५, पण ती रक्कम तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून अडकून राहते, धंदा चालू दिसला तरच नंतर कर्जात वळती होते. स्वतःचे ५ किंवा १० टक्के आधी घालावे लागतात ते वेगळंच. हे कुणी लिहीत नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, सरकारी पोर्टलवर फुकट आहे, आधार नंबर घालून मोबाईलवर होते, तरी त्याचे पाचशे-हजार घेणारे एजंट चौकाचौकात बसलेत. खाण्याचा छोटा धंदा असेल तर फूड लायसन्सवाल्यांकडे नोंदणीची सरकारी फी वर्षाला १०० रुपये आहे, एजंटचा रेट विचारूच नका. एवढी माहिती त्या हसणाऱ्या मुलीच्या फोटोच्या जागेत आरामात बसली असती.

आणि धंदे नाहीत असं कुठं म्हणतोय मी. मी स्वतः युनिफॉर्मच्या कारखान्यात कटिंगला आहे. शाळा सुरू व्हायच्या आधीचे तीन-चार महिने आमच्याकडं श्वास घ्यायला वेळ नसतो, आणि नेमकं तेव्हाच शिलाई मशीन बंद पडतं. टाका सुटतो, मोटर गरम होते, ओव्हरलॉकचा लूपर बिघडतो, आणि मिस्त्री 'येतो येतो' करत दुसऱ्या दिवशी उगवतो, कारण तो एकटा किती कारखाने बघणार. कारागीर पीसवर, मशीन बंद म्हणजे त्याची त्या दिवसाची मजुरी बंद. आमच्याकडंच हेल्परला असलेला एक पोरगा त्या मिस्त्रीच्या मागं मागं फिरून काम शिकला, पान्यांची पेटी आणि एक जुनी गाडी घेतली, आता त्याचा फोन लागत नाही इतका बिझी असतो. त्याच्या धंद्याचं नाव तुमच्या यादीत नाही. असणार कसं, त्यात कुणाला मशीन विकता येत नाही.

त्याला पण उधारी आहेच, सगळ्यांना आहे. आमच्या गल्लीतली एक बाई ढाब्याला कडक भाकरी देते, भाकरी एक नंबर, पैसे पंधरा दिवसांनी, आणि ढाबा बंद पडला तर देवाला. तुमच्या चौकटीत भांडवल आणि नफा असे दोनच रकाने आहेत, उधारीचा तिसरा रकाना काढला असता तर बरेच नफे तिथंच विरघळले असते. पाण्याचा चौथा काढा, चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येणाऱ्या शहरात घरगुती डबे आणि पापडाचा उद्योग सुचवताना भांडी कशात घासायची तेही सांगायला पाहिजे होतं. पण पाण्यावर लिहिलं की तुम्ही ते महापालिकेच्या पानावर टाकता आणि तिथं ते कुणी वाचत नाही.

माझी विनंती साधी आहे. पुढची यादी छापायच्या आधी तुमचा एक बातमीदार अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आणि मार्केट यार्डात पाठवा, कुणाला कशाची नड आहे एवढं विचारून यायला सांगा. आणि 'माल आम्हीच उचलू'वाल्या जाहिरातदाराकडून, आधी ज्यांचा माल उचलला अशा दहा लोकांचे फोन नंबर घेऊन मगच जाहिरात छापा. त्याचे पैसे बुडतील तुमचे, मान्य आहे. आमचे बुडालेतच.

भाच्याचं मशीन आता विकायला काढलंय. त्यासाठी मागच्या आठवड्यात तुमच्याच ऑफिसला छोटी जाहिरात द्यायला गेलो होतो. काउंटरवरच्या मुलीने मजकूर वाचला, शब्द मोजले आणि अगदी नम्रपणे विचारलं, काका, 'घरबसल्या व्यवसाय'मध्ये टाकू का?

आपला,
एक जुना वाचक
जुने विडी घरकुल, सोलापूर
(नाव छापू नये, कारखान्यात वाचतात)

ता. क. मागच्या वेळी माझं पत्र निम्मं कापून छापलं होतं. या वेळी कापायचंच असेल तर चटणीचा भाग कापा, जाहिरातीचा नको.