विनूस, भांगेबद्दल

रामबाग, इंदूर

प्रिय विनू,

काल काकू शेजारीच बसल्या होत्या हे तुझ्या आवाजावरून कळलं, म्हणून फोन आटोपता घेतला. हे पत्र तुझ्यासाठी. वाटलं तर वहिनींनाही दाखव.

रंगपंचमीला राजवाड्यावरची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघायला तुम्ही आलात, भांग घातलेली थंडाई झाली, तेव्हा वहिनींना दिवस गेल्याचं कुणालाच ठाऊक नव्हतं. पुढे गर्भ गेला आणि आता खापर त्या एका पेल्यावर, म्हणजे वहिनींवरच फुटतंय. हे थांबव. सुरुवातीच्या आठवड्यांत पडणाऱ्या गर्भांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भांत गुणसूत्रांचाच घोळ असतो. एका पेल्यानं गर्भ गेला असं सांगू शकेल अशी तपासणी कुठल्याच लॅबमध्ये होत नाही. गंमत बघ, भांगेनं पचन सुधारतं असं सांगणाऱ्याही काकूच होत्या!

तरी भांगेचा गर्भाशी संबंध काय, हे तू विचारलंस ते बरोबरच. वर्गात शिकवताना मला हाच भाग सगळ्यात आवडतो, त्यामुळे थोडं लांबेल. भांगेतलं टीएचसी, म्हणजे नशा आणणारं द्रव्य, पेशींवरच्या ज्या रिसेप्टरवर (कुलपासारख्या ग्राहकांवर) जाऊन बसतं, ते काही भांगेसाठी तयार झालेले नाहीत. शरीर स्वतःच तसा पदार्थ बनवतं. १९९२ साली जेरुसलेमला रसायनशास्त्रज्ञ राफाएल मेशुलम यांच्या प्रयोगशाळेत तो डुकराच्या मेंदूतून वेगळा काढला: आनंदामाइड. त्याचे रिसेप्टर मेंदूत आहेत तसे गर्भाशयात, बीजवाहिनीत आणि वारेतही आहेत. उंदरांत असं दिसलं की गर्भ जिथे रुजतो नेमकं तिथे आनंदामाइड कमी असतं, आणि दोन गर्भांच्या मधल्या जागेत जास्त. फाह नावाचं विकर (एन्झाइम) ते फोडत राहतं. इटलीतल्या संशोधकांनी २००० साली दाखवलं की ज्या बायकांच्या रक्तातल्या लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या) पेशींत हे विकर कमी होतं, त्यांचे गर्भ पुढे पडले.

मग आनंदामाइड जितकं कमी तितकं बरं? तसंही नाही. आनंदामाइड ज्यावर बसतं तो सीबी-१ हा रिसेप्टरच नसलेल्या उंदरांचे गर्भ बीजवाहिनीत अडकून राहतात. नळीत गर्भ राहिलेल्या बायकांच्या बीजवाहिनीतही तो कमी आढळला आहे. उलट कळा सुरू होताना आनंदामाइड वाढलेलं असतं. बीपी वाढतं त्या प्रीएक्लॅम्प्सियातही वारेतली ही व्यवस्था बदललेली दिसते. ते कारण की परिणाम, यावर वाद आहे.

इतक्या मोजूनमापून चाललेल्या कामात बाहेरून टीएचसी आलं, की फाहला ते फोडता येत नाही. ते चरबीत मुरून राहतं, वार ओलांडतं, अंगावरच्या दुधातही उतरतं. गरोदरपणात नेहमी घेणाऱ्यांची बाळं कमी वजनाची, कधी अपुऱ्या दिवसांची होतात. आमच्याकडे तर भांगेचं दुकान सरकारी परवान्याचं. अमली पदार्थांच्या १९८५च्या कायद्यात पानं वगळली आहेत ना! पाटी वाचून माणसाला वाटतं, परवाना आहे म्हणजे निर्धोक असणार.

तेव्हा पुन्हा बाळाचा विचार कराल त्याआधीपासून भांग बंद, आणि ती दोघांचीही. नेहमी घेणाऱ्या पुरुषांत शुक्राणू कमी आढळतात, त्यामुळे तू सुटला नाहीस. फॉलिक अॅसिड कधीपासून घ्यायचं ते डॉक्टरांना विचार.

काकूंशी मी बोलू का? रविवारी दुपारी फोन लाव आणि त्यांच्याच हाती दे. माझं त्या ऐकतात. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
अरू