बेचाळीस किलोमीटरची हकिकत

नागपूर,
जानेवारी अखेर

ती. आई-बाबांना सा. न.

फोनवर धड काही सांगताच आलं नाही. आई विचारत होती मेडल चांदीचं आहे का, मागून बाबा ओरडत होते कितवा नंबर आला, आणि तेवढ्यात ओवीने फोन ओढून घेतला. म्हणून म्हटलं पत्रच लिहावं. मेडल साध्या धातूचं आहे, सराफाकडे नेण्यासारखं नाही. नंबर हजारोंमध्ये कुठेतरी असेल, मी शोधायला गेले नाही. मुंबईच्या मॅरेथॉनला सीएसटीहून निघाले आणि साडेपाच तासांच्या वर थोडा वेळ घेऊन आपल्या पायांनी सीएसटीलाच परत आले, एवढं खरं.

बाबा, बेचाळीस किलोमीटर ठीक आहे, वरचे १९५ मीटर कशाला, असं तुम्ही विचारलंत. एसटीत जन्म काढलेल्या माणसाला तेच खटकणार! तर पूर्वी हे अंतर पक्कं नव्हतं, चाळीसच्या आसपास असायचं. १९०८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून सुटली आणि स्टेडियममध्ये राजघराणं बसलं होतं त्यांच्यासमोर संपली. ते भरलं २६ मैल ३८५ यार्ड, म्हणजेच आपले बेचाळीस किलोमीटर १९५ मीटर. पुढे १९२१ मध्ये तोच आकडा कायम केला. म्हणजे सगळा जीव संपलेला असताना जे शेवटचे मीटर पळावे लागतात, ते तिकडच्या राजघराण्याच्या सोयीसाठी.

आई, तुझं म्हणणं वेगळं होतं. बाईच्या शरीराला एवढं सोसत नाही, असं तू दिवाळीत दोनदा ऐकवलंस. तुझी चूक नाही, मोठमोठ्या साहेब लोकांनाही तसंच वाटायचं. १९८० पर्यंत ऑलिंपिकमध्ये बायकांसाठी सगळ्यांत लांबची शर्यत १५०० मीटरची होती, दीड किलोमीटर फक्त. पहिली महिला मॅरेथॉन झाली १९८४ साली, लॉस एंजेलिसला. तुमच्या लग्नाचं वर्ष. त्या वर्षी तू नवी नवरी म्हणून किती खेपा विहिरीवरून पाणी आणलंस ते तूच सांगतेस. सोसण्याचं मला नको सांगूस.

सराव सगळा इथेच, नागपुरात. पहाटे पाचला आमचा घोळका फुटाळा तलावावर जमतो. तिथून सेमिनरी हिल्सचा चढ, मग सिव्हिल लाइन्सच्या झाडांखालून झिरो माइलपर्यंत, कधी वर्धा रोडला मेट्रोच्या खालून. मे-जूनमध्ये सूर्य वर यायच्या आत घरी परतायचं, नाहीतर काही खरं नाही. डिसेंबरात उलटं, बोटं इतकी गारठायची की बुटाची नाडी दाताने ओढावी लागायची. फुटाळ्यावर एक आजोबा काठी टेकत रोज फिरायला येतात. रोज एकच प्रश्न, "काहून पळता वो ताई, कोनी मागं लागलं का?" मी रोज म्हणते, "पोहे संपतील ना काकाजी!" आणि खोटं नाही ते. रविवारची मोठी फेरी संपली की तर्री पोह्याच्या ठेल्यावर आमच्यातले बँकेचे मॅनेजर आणि कॉलेजातली पोरं एकाच बाकावर, घामेजलेल्या बनियनवर बसलेले असतात.

एक गोष्ट ऐकून तुम्ही दोघंही चकित व्हाल. पूर्ण बेचाळीस किलोमीटर सरावात सहसा कोणी पळवतच नाही. जास्तीत जास्त तीस-बत्तीस. त्याच्यावर गेलं तर शरीर भरून यायला इतके दिवस लागतात की पुढचा सराव बुडतो. आठवड्यांमागून आठवडे अंतर वाढवायचं, मग एक आठवडा मुद्दाम कमी करायचं. शेवटचे दोन-तीन आठवडे तर जवळजवळ हात बांधून बसायचं. ते सगळ्यांत अवघड गेलं मला. स्नायूंची डागडुजी होते ती पळताना नाही, झोपेत होते, हे आमच्या सरांनी घोकून घेतलं.

आणि ह्याच सरांनी मला पहिल्या किलोमीटरपासून चालायला लावलं. चार मिनिटं पळ, एक मिनिट चाल, पुन्हा चार मिनिटं पळ. दमल्यावर नाही, दमायच्या आधी. मुंबईत पहाटेच्या अंधारात ढोल वाजतायत, आजूबाजूचे लोक सुसाट निघालेत, अंगात नुसता जोर भरलाय, आणि मी घड्याळाकडे बघून चालतेय! एक जण म्हणालाच, "अहो ताई, आत्ताच?" मला लाज वाटली, पण थांबले नाही त्याच्या नादाला लागून. बाबा, तेव्हा तुम्ही आठवलात. चिखलदऱ्याच्या गाडीवर असताना घाट लागायच्या आधीच तुम्ही खालचा गिअर टाकायचे, आणि मी बॉनेटशेजारी बसून विचारायचे की रस्ता तर सपाट आहे अजून. तुम्ही म्हणायचे, गाडीने मागितल्यावर उशीर झालेला असतो.

पुढचं सगळं लिहीत बसत नाही. वरळीहून सी लिंकवर चढलो तेव्हा उजाडत होतं. एरवी तिथे पायी माणसाला सोडत नाहीत, त्या दिवशी सगळा पूल आमचा. पण मुंबईची हवा! इथल्या कोरड्या थंडीत घाम आला तसा उडून जातो आणि अंग निवतं. तिथे तो उडतच नाही, नुसता गळतो, अंग तापलेलंच. टोपीच्या कडेवरून थेंब पडत होते. पाणी सारखं ढोसूनही चालत नाही, नुसत्या पाण्याने रक्तातलं मीठ पातळ होतं आणि माणूस भोवळून पडतो. म्हणून खिशात मिठाची पुडी, खजूर आणि शेंगदाण्याची चिक्की. (बाबा, हे तुमच्यासाठी नाही. तुमचं बीपीचं पथ्य आहे तेच चालू द्या.) शरीरात साखरेचा साठा तीसेक किलोमीटर पुरेल एवढाच असतो, पुढे वरून घालत राहावं लागतं. नाहीतर बत्तिसाव्याला पाय असे थांबतात की ते आपले आहेत असंच वाटत नाही.

माझेही जड झाले, चौतिसाव्याला. हाजी अलीनंतर पेडर रोडचा चढ आहे, अख्ख्या वाटेवर तोच एक सगळ्यांना छळतो. पहाटे सुसाट गेलेले कितीतरी जण तिथे मांड्या धरून कठड्याला टेकले होते. मी हळूच, पण चालत होते. चढाच्या मध्यावर गाऊनवर शाल घेतलेल्या एक आजी स्टीलच्या ताटात संत्र्याच्या फोडी घेऊन उभ्या होत्या. वरचं पांढरं काढलेलं, बिया काढलेल्या. कोणासाठी? ओळख ना पाळख. मी दोन फोडी घेतल्या आणि तोंडात टाकून म्हटलं, "आजी, मी नागपूरची." तर म्हणतात कशा, "मग हे संत्रं काही खास वाटणार नाही तुला." खरंच नव्हतं, जरा आंबट होतं. पण त्या एका मिनिटात माझे पाय परत जागे झाले.

परत येताना दुरांतोत वरचा बर्थ मिळाला. चढले कशीबशी, उतरताना खालच्या काकांनी आणि विवेकने मिळून उतरवलं. पायाच्या दोन बोटांची नखं काळी पडलीत, ती गळून नवी येतील, घाबरू नकोस आई. जिने मात्र अजून उलटी उतरते, ओवीला मोठी मजा वाटते.

आता मुद्द्यावर येते. बाबा, गुडघ्यासाठी चाला असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि तुम्ही एका दमात स्टेशनपर्यंत जाऊन येता. मग दोन दिवस पलंगावर. आई दबक्या आवाजात फोन करते, मला सगळं कळतं. उद्यापासून घरापासून देवळापर्यंतच जायचं, ओट्यावर पाच मिनिटं बसायचं, परत यायचं. गुडघा दुखो न दुखो, बसायचंच. कोणी विचारलं तर सांगा पोरीच्या सरांनी सांगितलंय. संध्याकाळी पुन्हा तेवढंच. आणि आई, तू हसू नकोस. सकाळी पाचपासून रात्री भांडी होईतो तू एकदाही टेकत नाहीस, मग कंबर धरून बाम शोधतेस. पोळ्या सहा झाल्या की खुर्ची ओढायची, उरलेल्या नंतर.

शनिवारी दुपारच्या गाडीने वर्ध्याला येतेय. बाबांना चालायचे बूट घ्यायचेत. दुकानात संध्याकाळीच जाऊ, दिवसभरात पाय थोडे फुगतात, सकाळी घेतलेला बूट रात्री चावतो. मोजे जाड असतील तेच घालून ठेवा. घरी खूप काही करत बसू नकोस आई, वरण-भात पुरे, वर तुझी ती भरलेली मिरची असली तर बघ.

तुमची,
मंजू