ट्रेलर ओढण्याआधी तो थांबवण्याचा विचार व्हावा

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

घाटात वाहन उलटले की दुसऱ्या दिवशी आपल्या दैनिकात बातमी येते आणि कारण बहुतेक वेळा एकाच ओळीत असते, ब्रेक निकामी झाले. उसगाव-तिस्क भागात डिझेल गाड्यांचे गॅरेज चालवताना अशा गाड्यांची चाके मी स्वतः खोललेली आहेत. ब्रेक क्वचितच एकाएकी जातात. घाटाच्या माथ्यापासून कोणीतरी त्यांना तापवत आणलेले असते. अनमोड आणि चोर्ला घाटांतून हल्ली पिकअपमागे बांधलेले कॅरॅव्हान, म्हणजे चाकांवरच्या खोलीचे ट्रेलर गोव्यात उतरू लागले आहेत. त्यांच्याविषयी वेळीच बोलले पाहिजे, म्हणून हे पत्र.

आमच्या भागाने खनिज वाहणाऱ्या टिपरवर संसार केले. २०१२ साली खाणी बंद पडल्या, मध्ये थोडा काळ हलल्या आणि २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. दारातले टिपर गंजले. ज्यांना जमले त्यांनी ते विकून पिकअप घेतले. आता त्यातलेच कोणी पर्यटकांसाठी झोपायच्या खोलीचा ट्रेलर ओढतो, कोणी खाण्याचा गाडा, कोणी वॉटर स्पोर्ट्सची बोट. माणूस नवा धंदा उभा करतो याचा मला आनंदच आहे. अमेरिकेत असे ट्रेलर कुटुंबे सुट्टीत सर्रास ओढतात, पण तिथे त्यासाठी लागणारे हुक, ट्रेलरच्या ब्रेकचे कंट्रोलर, वजनाचे तक्ते हे सगळे सहज मिळते. आपल्याकडे ट्रेलर आला, त्याची शिस्त मागेच राहिली.

गेल्या हंगामात मोल्याच्या बाजूने एक पिकअप माझ्याकडे आला, मागे दोन माणसांच्या कॅरॅव्हानचा ट्रेलर. गाडी फाटकात शिरायच्या आधीच ब्रेकच्या जळक्या लायनरचा वास आला. चाक काढले तर ब्रेकचा ड्रम तापून निळा पडलेला, लायनर काचेसारखा गुळगुळीत. शेवटच्या वळणांवर पेडल तळाला जात होते, असे चालक सांगत होता. मग ट्रेलरखाली वाकून पाहिले. ट्रेलरला स्वतःचा ब्रेक होता, पुढच्या गाडीने वेग कमी केला की ट्रेलर पुढे रेटतो आणि त्या रेट्यानेच लागणारा. त्याची केबल काढून सुतळीने चेसिसला बांधून ठेवली होती. का, तर रिव्हर्स घेताना तोच ब्रेक लागतो आणि गाडी मागे जात नाही म्हणून. रिव्हर्ससाठी ट्रेलर गाडीला जोडणाऱ्या कपलिंगवर लॉक असतो, तो रिव्हर्सपुरता लावायचा आणि पुढे निघताना काढायचा. ट्रेलर भाड्याने देणाऱ्याने हे सांगितलेच नव्हते. अख्खा घाट त्या लोकांनी एकाच गाडीच्या ब्रेकवर उतरला होता.

हिशेब साधा आहे. भरलेला पिकअप अडीच टनांचा आणि ट्रेलर दीड टनाचा धरा. म्हणजे चार टन झाले आणि ब्रेक मात्र पिकअपचेच. त्यात वेग चाळीसचा साठ झाला, तर थांबताना ब्रेकना सव्वादोन पट ऊर्जा पचवावी लागते, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. आमचे जुने टिपरवाले नव्या पोरांना एकच सांगत, ज्या गियरने चढतोस त्याच गियरने उतर. ट्रेलरवाल्याला तर हे दुप्पट लागू आहे. डिझेल इंजिनात पेट्रोलसारखा हवा अडवणारा थ्रॉटल बहुधा नसतो किंवा असला तरी इंजिन ब्रेकिंगच्या कामाचा नसतो. त्यामुळे ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की ते गाडीला मुळातच कमी धरते. म्हणून मोठ्या ट्रकना धूर अडवून इंजिनानेच गाडी रोखणारा एक्झॉस्ट ब्रेक असतो. पिकअपला बहुधा तो नसतो, तेव्हा माथ्यावरच खालचा गियर टाकून घ्यायचा. ब्रेक सतत दाबून ठेवायचा नाही. एकदा ठामपणे दाबून वेग खाली आणायचा, मग पूर्ण सोडायचा आणि ड्रमला हवा लागू द्यायची. रेट्यावर चालणारा ट्रेलरचा ब्रेक उतारावर सारखा थोडा थोडा लागून राहतो, म्हणून मध्ये कुठे तरी जागा पाहून थांबणे भाग आहे. थांबल्यावर तळहात हबजवळ न्यायचा, चिकटवायचा नाही. एका चाकाची आच बाकीच्यांपेक्षा जास्त लागली, तर तिथे लायनर घासतो आहे किंवा बेअरिंग जात आहे.

डिझेल वाचवायला न्यूट्रलवर घाट उतरणारे अजून भेटतात. काही जण तर इंजिनच बंद करतात. डिझेल गाडीत ब्रेकचे पेडल हलके करणाऱ्या बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम पंप इंजिनवरच फिरतो. बऱ्याच पिकअपमध्ये तो अल्टरनेटरच्या पाठीला असतो. इंजिन बंद केले की बूस्टरमध्ये दोन-तीन दाबांपुरताच व्हॅक्यूम उरतो. त्यानंतर पेडल दगडासारखे होते आणि स्टिअरिंगही जड पडते.

ब्रेक ऑइलचे कोणाला सुचतच नाही. ते हवेतला ओलावा ओढते आणि आपल्या कोकणपट्टीत ओलाव्याला काय तोटा! ओलावा शिरला की त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. सपाट रस्त्यावर काही जाणवत नाही. घाटाच्या पायथ्याशी चाके तापली की पाइपमध्ये वाफ धरते आणि पेडल स्पंजासारखे दबते. इंजिन ऑइल वेळेवर बदलणारा शहाणा माणूस ब्रेक ऑइल पाच-पाच वर्षे तसेच ठेवतो. दोन वर्षांत ते बदलायलाच हवे.

आता हुकाविषयी. हे लिहिताना मला राग येतो. कोणाही वेल्डरकडे जाऊन मागच्या बंपरला ट्रेलर जोडायचा बॉल वेल्ड करून घेतला जातो. बंपर हा पत्रा आहे, तो ओढण्यासाठी नाही. हुकाची जोडणी चेसिसच्या दोन्ही लांब पट्ट्यांना, कंपनीने दिलेल्या भोकांतून, नटबोल्टने झाली पाहिजे. चेसिसच्या वरच्या-खालच्या काठावर नवे भोक पाडणे किंवा तिथे वेल्डिंग मारणे म्हणजे चेसिस तिथेच तडकवायची सोय करणे. बॉलचे मापही जुळले पाहिजे. बाजारात पन्नास मिलिमीटरचा आणि दोन इंची असे दोन्ही बॉल मिळतात, फरक आठ दशांश मिलिमीटरचा. डोळ्याला तो दिसत नाही, पण दोन इंची कपलर, म्हणजे बॉलवर बसणारी ट्रेलरची वाटी, पन्नासच्या बॉलवर बसवला की तो खडखडत राहतो आणि झिजत जातो. कपलर बसला की नाही हे पाहायची एक खात्रीची रीत आहे. लॉक लावल्यावर ट्रेलरच्या पुढच्या जॅकने नाक उचलायचे. पिकअपचे बूड सोबत उचलले गेले तर बसला. नुसता कपलर वर आला तर नाही. साखळ्या दोन असाव्यात आणि कपलरखाली एकमेकींना ओलांडून लावाव्यात, म्हणजे बॉल सुटला तरी नाक रस्त्यावर न पडता त्या झोळीत राहते. ट्रेलर सुटल्यास त्याचा ब्रेक ओढणारी बारीक केबल साखळीत अडकवू नये, बॉलच्या मानेला तर नाहीच. ती गाडीच्या चेसिसवर वेगळ्या जागी असावी.

वजनाची वाटणी हा याहून अवघड भाग. अमेरिकी पद्धतीच्या ट्रेलरमध्ये एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार बॉलवर यावा असा नियम पाळतात. दीड टनाच्या ट्रेलरला तो दीडशे ते सव्वादोनशे किलो होतो. युरोपी कॅरॅव्हानना याहून कमी चालतो, म्हणून बनवणाऱ्याचा आकडा आधी पाहावा. भार कमी पडला तर ट्रेलर शेपटी हलवू लागतो. मागच्या टाकीत शंभर लिटर पाणी भरले म्हणजे एक्सेलच्या मागे शंभर किलो टाकले आणि त्याने नाक हलके झाले. आमच्या भागात खनिजासाठीचे वजनकाटे आहेत. ट्रेलर सोडून त्याची चाके काट्याबाहेर आणि फक्त नाकाचा जॅक काट्यावर ठेवला की बॉलवरचा भार कळतो. दहा-वीस किलोंचा फरक राहील, तो चालतो.

भार जास्त झाला तर पिकअपचे बूड बसते आणि नाक उचलते. बॉल मागच्या एक्सेलपासून सव्वा मीटरभर मागे आणि दोन एक्सेलमधले अंतर तीन मीटर असेल, तर बॉलवरचे दोनशे किलो पुढच्या चाकांवरून ऐंशीच्या वर किलो उचलून घेतात. स्टिअरिंग हलके लागते आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. यावर आपले लोक मागे स्प्रिंगचा एक जादा पाटा टाकून घेतात. बूड सरळ दिसते, पण पुढच्या चाकांवर वजन परत येत नाही. सामान पुढे-मागे सरकवणे हाच खरा उपाय आहे.

शेपटी हलू लागलीच तर पाय ॲक्सिलरेटरवरून उचलावा, स्टिअरिंग सरळ धरून ठेवावे आणि गाडीचा ब्रेक दाबू नये. ट्रेलरला विजेचा ब्रेक आणि हाताचा कंट्रोलर असेल तर फक्त तोच लावावा. घाबरून स्टिअरिंग इकडे-तिकडे फिरवले की ट्रेलर आडवा येतोच. नव्या जुवारी पुलावर, मोकळ्या हवेत, एखादा मोठा ट्रक शेजारून गेला की हे घडू शकते. वेग आधीच कमी ठेवावा हे बरे.

किनाऱ्याकडच्या ट्रेलरांचे दुखणे वेगळे. बोटीचा ट्रेलर धावून तापलेल्या हबसकट खाऱ्या पाण्यात उतरतो. गरम हब एकदम गार होतो आणि सील झिजलेले असेल तर पाणी आत ओढून घेतो. मग ग्रीस दुधाळ होते आणि बेअरिंग गंजते. पाण्यात उतरवण्याआधी चाके गार होऊ द्यावीत, बाहेर काढल्यावर गोड्या पाण्याने धुवावीत. दिव्यांची अर्थिंगची तार खाऱ्या हवेत हिरवी पडते आणि डावा इंडिकेटर दिला की ब्रेकलाइट लुकलुकतो. ट्रेलरचे टायर तर नक्षी शाबूत असतानाच म्हातारे होतात, कारण वर्षातले बरेच महिने ते उन्हात एकाच जागी उभे असतात. टायर कधी बनला हे सांगणारे चार अंक कडेवर असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. पाच-सहा वर्षे झाली असतील तर नक्षी पाहून फसू नये.

इंजिनाबद्दल थोडक्यात लिहितो, कारण त्याची काळजी लोक तशीही घेतात. पावसाळ्यात टाकी अर्धी ठेवून गाडी उभी करू नये, रिकाम्या जागेत पाणी साचते. आजच्या कॉमन रेल पंपाला आणि इंजेक्टरला पाण्याचा थेंबही परवडत नाही. फिल्टरखालचा पाणी सोडायचा स्क्रू त्यासाठीच असतो. रेडिएटरच्या पापुद्र्यांत अडकलेली लाल माती आतून बाहेरच्या दिशेने धुवावी, ट्रेलर घेऊन घाट चढताना तीच माती इंजिन तापवते. चढ संपल्यावर इंजिन लगेच बंद न करता मिनिटभर आयडलवर ठेवावे, टर्बोच्या बेअरिंगला तेल मिळते. आणि २०२० नंतरच्या बीएस-सहा गाडीचा काजळी जाळणारा फिल्टर काम करत असताना सायलेन्सर भयंकर तापतो. मार्च-एप्रिलमध्ये काजूच्या बागेत, वाळल्या पाल्यावर अशी गाडी उभी करणे म्हणजे आगीला बोलावणे आहे. कॅम्पिंगसाठी बागा भाड्याने देणाऱ्यांनी तरी हे ध्यानात घ्यावे.

मोटर वाहन कायदा, १९८८ नुसार ट्रेलर हेही वाहन आहे आणि त्याची स्वतंत्र नोंदणी लागते. त्याच कायद्याच्या कलम ६१ प्रमाणे ओढणाऱ्या गाडीचा नंबरही ट्रेलरवर दिसला पाहिजे. घरगुती वेल्डिंगचे किती ट्रेलर यात बसतील, हे कळंगुट-बागा रस्त्यावर एक फेरी मारली तरी समजेल.

माझी विनंती वाहतूक खात्याला आहे. मोले आणि केरी इथल्या तपासणी नाक्यांवर गाड्या तशाही थांबवल्या जातात. तिथेच ट्रेलरच्या दोन साखळ्या, ब्रेकची केबल आणि मागचे दिवे पाहावेत. दोन मिनिटांचे काम आहे. मात्र नाके घाटाच्या पायथ्याशी आहेत, तिथे पोहोचेपर्यंत उतार संपलेला असतो. म्हणून माथ्याजवळ, दोन्ही घाटांत, ट्रेलर बाजूला घेऊन उभा करता येईल एवढी जागा आखावी आणि खालचा गियर टाकण्याची मोठी पाटी मराठी, कन्नड, हिंदीत लावावी. माथा कर्नाटकाच्या हद्दीत येत असेल तर तिथल्या खात्याशी बोलून हे करावे. ट्रेलर भाड्याने देणाऱ्यांना परवाना देताना, गिऱ्हाइकाला प्रत्यक्ष जोडून-सोडून दाखवण्याची अट घालावी.

आणि एका प्रश्नाचे उत्तर खात्याने आपल्या दैनिकातूनच द्यावे. गोव्यात खाजगी पिकअपला बसवलेला टोइंग हुक कोणी तपासून मान्य करायचा, आणि त्याची नोंद आरसी पुस्तिकेत कशी करून घ्यायची? माझ्याकडे हुक बसवायला येणाऱ्यांना मी कोणत्या खिडकीवर पाठवू, एवढे ऑक्टोबरात पर्यटकांचा हंगाम सुरू होण्याआधी कळले तर फार बरे होईल.

आपला,
एक डिझेल मेकॅनिक
उसगाव-तिस्क, गोवा