डिमोनाच्या मावशींना, ठाण्याहून

मावशी, शालोम.

फोनवर तुम्ही आभार मानूच देत नाही. "मेल्या, जेवलास का ते सांग," म्हणत विषय बदलता. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय. आता वाचण्यावाचून इलाज नाही.

मे महिन्याच्या सुट्टीत ठाणे-मुंबईच्या आपल्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुदी, पोरांना घेऊन आम्ही इस्रायलला आलो, ते शिकायला. कार्यक्रम भरगच्च होता: जेरुसलेमची पश्चिमेची भिंत, नाझींनी मारलेल्या यहुद्यांचं स्मारक याद वाशेम, मसादाचा प्राचीन किल्ला, मृत समुद्र. जेरुसलेमच्या संग्रहालयात कोचीनच्या सिनेगॉगचा, म्हणजे यहुदी प्रार्थनास्थळाचा, लाकडी अंतर्भाग आणून उभा केलाय, तोही पाहिला. सगळं चोख चाललं होतं आणि शुक्रवारी दुपारी घोळ झाला. वसतिगृहात पोचलो तर आमच्या नावावर खोल्याच नव्हत्या. सातच्या सुमारास शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, लागणार, ड्रायव्हरला त्याआधी घर गाठायचं, आणि एकदा शब्बाथ लागला की शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत बस मिळायची नाही. पोरं सामानावर बसलेली. आमच्यातल्या एकीने पेणच्या आजीला फोन लावला, आजीने शाळेतल्या मैत्रिणीचा नंबर दिला. ती मैत्रीण म्हणजे तुम्ही.

"किती जण?" एवढंच विचारलंत. आम्ही डिमोनात पोचेपर्यंत तुमच्या इमारतीच्या चार मजल्यांवर गाद्या पडल्या होत्या. कुणाकडे मुली, कुणाकडे मुलगे, तेही तुम्हीच वाटून टाकलंत. किद्दूशला, शब्बाथच्या सुरुवातीच्या प्रार्थनेला, काळ्या मनुकांचं शरबत पाहून एक पोरगा म्हणाला, "हे तर आमच्या घरचं!" आणि नारळाच्या दुधातलं मटण. आठवडाभर हुम्मुस-पिता खाल्लेल्या पोरांनी त्या पातेल्याचं काय केलं, ते तुम्ही पाहिलंतच.

पण खरे आभार शनिवार दुपारचे. आमच्या कार्यक्रमात डिमोनाचं नावही नव्हतं. 1955 मध्ये वसवलेलं नेगेवच्या वाळवंटातलं गाव, तिथे पाहण्यासारखं काय, असा हिशेब असावा. तुम्ही पोरांना बसवून 1962 ची गोष्ट सांगितलीत. बेने इस्रायलींना दुसऱ्या यहुद्यांशी लग्न करायचं तर आजी-पणजीपर्यंत कुळाची चौकशी करा, असा इस्रायलच्या मुख्य रब्बीमंडळाचा, म्हणजे धर्मगुरूंच्या मंडळाचा, आदेश निघाला होता. तुमच्या थोरल्या बहिणीचं ठरलेलं लग्न त्यापायी अडलं. आपले पूर्वज ज्यातून आले त्या, कोकणात नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबताची कथा, शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनिवार तेली' हे नाव, हे सगळं ज्यांनी पिढ्यान् पिढ्या जपलं त्यांनी आता कागद कुठून आणायचे? मग जेरुसलेममधलं धरणं, आणि 1964 मध्ये क्नेसेटने, इस्रायलच्या संसदेने, आपण सर्वार्थाने यहुदी असल्याचं ठणकावलं ते. बहिणीचं पुढे काय झालं हे पोरींनी तीनदा विचारलं. तुम्ही दर वेळी चहा पुढे केलात. आम्हीही मग थांबलो.

मी इतकी वर्षं मुलांना शिकवतोय, पण ही गोष्ट पोरांसमोर कधी काढली नव्हती. प्रवासाला निघालेल्यांना कशाला सांगा, असं वाटायचं. तुम्ही सांगितलीत आणि वर म्हणालात, "भांडलो, कारण घर आपलं होतं. परक्याच्या घरात कोण भांडतं?" त्यावर बसमध्ये बीरशेबापर्यंत वाद चालला होता. अख्ख्या सहलीत पोरं एवढी कशावरच बोलली नाहीत.

शब्बाथ संपतानाच्या हवदालाच्या प्रार्थनेनंतर तुम्ही पेटी काढून योसेफाचं मराठी कीर्तन म्हटलंत, त्याचं रेकॉर्डिंग अर्धवट आहे. बॅटरी संपली. राहिलेली कडवी लिहून पाठवा, शेजारच्या काकांना सांगितलं तरी चालेल. आणि पुढच्या वर्षीच्या कार्यक्रमात एक शब्बाथ डिमोनाचा धरलाय. या खेपेला गाद्यांचं भाडं आणि बाजार आमच्याकडे, त्यावर वाद नको. कोकम, चिंच आणि जाडे पोहे आणतोच. आणखी काय हवं ते पेणच्या आजींना कळवा.

तुमचा,
ठाण्याचा मास्तर