काठ्यांची जोडी

ती. आई-बाबा,
शि. सा. न.

शनिवारच्या भटकंतीचं फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून हे पत्र. शिवाय "काठी म्हाताऱ्यांची" म्हणणाऱ्या बाबांशी एक भांडण आहे, ते शेवटी.

इथे स्कॉटलंडमधल्या केअर्नगॉर्म्स डोंगरांच्या जंगलात आम्ही अकरा जण आणि आमची वाटाडी, असे दिवसभर चाललो. वीसेक किलोमीटर. वाटाडी म्हणजे आजीबाई! नात कॉलेजात आहे म्हणाली, म्हणजे आई, तुझ्याच वयाची असेल. तिच्या दोन्ही हातांत काठ्या.

सुरुवात लॉख अन एलिनपासून. लॉख म्हणजे तळं, आणि हे बेटाचं तळं. बेटावर पडका किल्ला आहे. एकोणिसाव्या शतकात त्याच्या भिंतीवर ऑस्प्रे घरटं करायचे. उजनीला हिवाळ्यात येतो ना, तोच मासेखाऊ शिकारी पक्षी. अंडी गोळा करणाऱ्या हौशी लोकांनी त्यांचा पिच्छा पुरवला आणि पक्षी नाहीसे झाले. पुढे 1954 साली जवळच्याच लॉख गार्टनवर एका जोडीने पुन्हा संसार मांडला.

ते रान खाजगी मालकीचं आहे, तरी कुणी हटकलं नाही. नीट वागलात तर कुणाच्याही जमिनीतून चालायचा हक्क इथे 2003 च्या कायद्याने दिलाय. बाबा, तुम्हाला हे आवडेल.

पाइनच्या झाडांखाली मुंग्यांची वारुळं होती, गुडघ्याएवढी, पण मातीची नव्हे, सुकलेल्या पाइनच्या सुयांची. वाटाडीने एका वारुळावरून तळहात फिरवला, टेकवला नाही, आणि माझ्या नाकाशी धरला. झणझणीत आंबट वास, अगदी व्हिनेगरचा! मुंग्या चिडल्या की आम्ल उडवतात. चिलटांनी मात्र छळलं. मिज म्हणतात त्यांना. वारा पडला की कानात, पापण्यांवर, सगळीकडे.

लॉख मॉर्लिखची वाळू ओलांडून ग्लेनमोर, मग खिंडीतलं छोटं हिरवं तळं. पऱ्या इथे आपले हिरवे कपडे धुतात म्हणे. पुढे रायव्होनची दगडी झोपडी लागली. दाराला कुलूप नाही, कुणीही थांबावं. आई, तिथे बसून तुझ्या पद्धतीच्या दशम्या आणि लसणाची चटणी खाल्ली. शेजारच्या माणसाने चटणी मागून घेतली आणि बाटलीभर पाणी प्यायला.

झोपडीमागचा डोंगर 810 मीटर, कळसूबाईच्या निम्मा. नावाचा अर्थ गुराख्याचा डोंगर. निम्मा म्हणून मी तोऱ्यात चढले. वर हेदरच्या झुडपांचा जांभळा रंग उतरणीवर पसरलेला, खाली मॉर्लिखचं पाणी, आणि वारा असा की टोपी धरून उभं राहावं लागलं.

उतरताना दगडी पायऱ्यांवर माझा उजवा गुडघा बोलू लागला. मी मागे पडले आणि कुणाला कळू नये म्हणून फोटो काढत बसले. बाबा, अजिंक्यताऱ्यावरून उतरताना तुम्ही हल्ली चपलेतला खडा काढायला थांबता, अगदी तसंच. तुमच्या चपलेत इतके खडे कुठून येतात, हे मला शनिवारी समजलं.

वाटाडी परत वर आली. काही विचारलं नाही. आपल्या काठ्या दिल्या, उतारासाठी त्यांची लांबी वाढवून दिली आणि म्हणाली, आधी काठ्या खाली टेक, मग पाय. दहा मिनिटांत गुडघा गप्प. आणि मी 36 वर्षांची आहे, बाबा. त्या अकरा जणांत पंचविशीतली दोन मुलंही काठ्या घेऊन आली होती. तेव्हा "काठी म्हाताऱ्यांची" हे आता चालणार नाही.

दादा दिवाळीला येतोय, त्याच्याकडे एक जोडी पाठवतेय. हँडलवरचं लेबल काढू नका, त्यावर उंची कशी कमी-जास्त करायची ते चित्र आहे. आई, बाबा काठ्या माळ्यावर टाकायला लागले तर तू वापर. मग मागून घेतील.

तुमची,
मनू