आशा आहे म्हणून हिंमत आहे

संपादक साहेब,

यंदा सोयाबीन सोंगायच्या टाइमालाच पाऊस आला न् शेंगांना शेतातच कोंब फुटले, सोसायटीचं कर्ज तसंच डोक्यावर. आमची माय रोज संध्याकाळी बायबलातलं स्तोत्र ३१ वाचते, चष्म्याची एक दांडी दोऱ्यानं बांधलेली. त्या स्तोत्राच्या शेवटी देवाची आशा धरणाऱ्यांनी हिंमत धरावी असं सांगितलं आहे. येशूनं वधस्तंभावर जीव सोडताना याच स्तोत्रातल्या ५ व्या वचनातले, आपला आत्मा देवाच्या हाती सोपवायचे शब्द म्हटले, म्हणजे त्या घडीला त्यालाही याच शब्दांचा आधार होता, हे मले लय मोठं वाटते. आशेनं कर्ज आपोआप फिटत नाही जी, पण देव आपल्याला सोडत नाही हे पक्कं असलं की रात्री मनात वाईट विचार आले तरी माणूस सकाळी उठून वावरात जाते. परवा मी चन्याचं बियाणं घेऊन आलो.

– एक शेतकरी वाचक, जि. यवतमाळ