बोट मुरायला घातली आहे

पवनी तालुका, जि. भंडारा
15 जून

प्रिय कॉक्सन,

मृग लागून आठवडा झाला. दोन सरी आल्या आणि पुन्हा तोच उकाडा. सध्या आमच्या घरच्या दोन गोष्टी मुरायला घातल्या आहेत: तुझ्या वहिनीचं कैरीचं लोणचं आणि माझी बोट. लोणच्याबद्दल कुणाला शंका नाही. बोट मात्र गोसीखुर्द धरणाच्या बॅकवॉटरच्या काठाशी, मांडीएवढ्या पाण्यात, दगड भरून बुडवून ठेवली आहे. जाणारा-येणारा विचारतो, "डुबली का जी, गुरुजी?" मी सांगतो, डुबली नाही बाबा, डुबवली. त्यावर लोक मान हलवून निघून जातात.

तुझं पार्सलही पोचलं. पोस्टमनला वाटलं साड्या आहेत. गाठ सोडली तर आत निळं शीड! नागपूरच्या अंबाझरी तलावावर एनसीसीच्या नेव्हल विंगमध्ये आपण ज्या बोटीवर होतो, तू सुकाणू धरणारा कॉक्सन आणि मी तुझा क्रू, तिचं शीड असंच निळं होतं, आठवतं? तुमच्याकडे मालवणात कुणी टाकून दिलेलं असलं तरी माझ्यासाठी नवंच. त्याचं काय केलं ते पुढे सांगतो. आधी मागच्या वर्षी बोट कशी मोडली ते, कारण तू दोनदा विचारलंस आणि मी दोन्ही वेळा पावसावर ढकललं. पाऊस नव्हता रे, माझंच शहाणपण होतं.

बोट चौदा फुटी, साडेचार फूट रुंद, सपाट तळाची. बाजू आणि तळ सागाच्या पाऊण इंची फळ्यांचा. मूळची मासेमारीची नाव. निवृत्त झालो त्या वर्षी घेतली आणि तिला डोलकाठी बसवली. मागच्या एप्रिलच्या शेवटी ती बाहेर काढून अंगणात दोन लाकडी घोड्यांवर उलटी ठेवली. वर कसलंही छप्पर नाही. मे महिना, पारा 45 वर. रंग खरवडून होईपर्यंत फळ्यांमधले सांधे इतके उघडले की रुपयाचं नाणं सहज आत जाईल. मला वाटलं, बरं झालं, आता नीट भरता येतील. नागपूरहून इपॉक्सी, म्हणजे दोन भाग कालवले की घट्ट होणारा गोंद, आणलं, त्यात सागाचा बारीक भुसा कालवला आणि सगळे सांधे दगडासारखे भरून टाकले.

पहिल्याच दिवशी अर्धा लिटर एका मगात एकदम कालवलं. पाच मिनिटांत तो मग हातात धरवेना, त्यातून धूर निघायला लागला, आणि मी तो अंगणात भिरकावला. डब्यावर लिहिलेली घट्ट होण्याची वेळ पंचवीस अंशांची असते. दर दहा अंशांमागे ती साधारण निम्मी होते. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी इपॉक्सी कालवणं म्हणजे चुलीवर बसून बर्फाचा गोळा खाणं. पुढे पहाटे पाचला उठून, पसरट ताटात, थोडं थोडं कालवून काम उरकलं. बोट काचेसारखी गुळगुळीत झाली. फोटो तुला पाठवला होताच.

आमच्या गावात एक ढिवर, म्हणजे मासेमारी करणाऱ्या समाजातले, म्हातारे आहेत, मी त्यांना मामाजी म्हणतो. त्यांनी सांध्यावरून नख फिरवलं आणि विचारलं, "लाकडाले फुगाले जागा ठेवली का जी?" मी तीस वर्षं विज्ञान शिकवलेला माणूस. मी त्यांना पॉलिमर म्हणजे काय ते समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, बिडी पेटवली आणि निघाले.

जुलैत बोट पाण्यात घातली. पहिले दोन दिवस थेंबही आत नाही. तिसऱ्या रात्री मी काठावरच्या झोपडीत झोपलो होतो, तेव्हा बोटीतून आवाज यायला लागले. कट्. मग बराच वेळ काही नाही. पुन्हा कट्. सकाळी पाहतो तर डाव्या बाजूची एक फळी फासळीपासून, म्हणजे फळ्यांना आतून धरून ठेवणाऱ्या आडव्या लाकडापासून, बोटभर सुटून बाहेर आलेली, तीन खिळ्यांची डोकी लाकडात रुतून आरपार गेलेली, आणि एक फासळी मधोमध तडकलेली. सागवान इतर लाकडांपेक्षा कमी फुगतं, पण फुगतं. लांबीत नाही, रुंदीत. एकेक फळी मिलिमीटर-दीड मिलिमीटर वाढली आणि सांध्यात दगड बसलेला, तर ती जाणार कुठे? सगळा जोर खिळ्यांवर आणि फासळ्यांवर. बोट कोरडी होऊन आकसली होती तेव्हा मी ती त्याच मापात गोठवून टाकली, आणि मग पाण्यात सोडून वाढायला सांगितलं.

मामाजी आले. टोमणा मारतील असं वाटलं होतं, पण नाही. एवढंच म्हणाले, "नाव उन्हात मरते जी. पान्यात नाही मरत." त्यांचे लोक ऐन उन्हाळ्यात, काम नसलं की, डोंगे दगड भरून बुडवून ठेवतात. मी हे लहानपणापासून पाहत आलोय, आणि मला वाटायचं की चोरीच्या भीतीनं ठेवत असतील.

म्हणून यंदा सगळं उलट केलं. हिवाळ्यात बोट ट्रॉलीत तणसाच्या गादीवर ठेवून घरी आणली, गोठ्याच्या सावलीत घेतली. थेट जमिनीवर नाही, विटांवर, नाहीतर उधळी (वाळवी) लागते. तुमच्या समुद्रात लाकडाला भोकं पाडणारा किडा असतो, आमच्या गोड्या पाण्यात तो नाही. पण खारं पाणी लाकूड टिकवतं आणि गोडं पाणी कुजवतं. विशेषतः पावसाचं, बोटीच्या आत कोपऱ्यात साचलेलं. माझ्या दोन फासळ्यांच्या बुडाशी सुरी लोण्यासारखी आत गेली. त्या बदलल्या, आणि प्रत्येक फासळीखाली करंगळी जाईल एवढी खाच पाडली, म्हणजे आतलं पाणी अडून न बसता मागच्या बाजूला एका जागी येतं आणि तिथून उपसता येतं. पैशाचा खर्च नाही, तासाभराचं काम. ज्यानं बोट बांधली त्यानं ते का केलं नसेल कोण जाणे.

सांध्यांमधलं इपॉक्सी उकरायला तीन आठवडे गेले. जुन्या विळ्याचं टोक वाकवून, धार लावून, त्याचं आकडीसारखं हत्यार केलं. लोखंडी खिळेही काढले. प्रत्येकाभोवती सागात काळा डाग, आणि बाहेर येईपर्यंत खिळ्याची काडी झालेली. त्यांच्या जागी तांबं. भंडाऱ्याला भांड्यांचं काम पिढ्यान्पिढ्यांचं. तिथल्या एका कासाराकडून तांब्याची जाड तार आणि चकत्या कापून आणल्या. आधी गिरमिटानं भोक पाडायचं, तारेला एका बाजूनं डोकं करायचं, ती बाहेरून आत ठोकायची, आतून चकती घालायची, उरलेली तार चकतीपासून दीड मिलिमीटरवर कापायची, आणि हलक्या हातोडीनं टोक गोल गोल ठोकत पसरवायचं. बाहेरून शेजारचा पोरगा घण टेकवून उभा. जोरात मारलं की तार आत वाकते आणि पकड जाते. दीडशे रिव्हेट मारल्यावर मला पहिला चांगला जमला.

मग कापूस. इथे तुझ्या वहिनीचा मान. सांध्यात भरायला कापसाची सैल पेडाची दोरी लागते. मी बाजारात विचारत फिरलो, आणि घरी वहिनी रोज देवासाठी वाती वळते! तिनं वर्ध्याकडून आणलेल्या कापसाच्या हातभर लांब, करंगळीएवढ्या जाड वाती मांडीवर वळून दिल्या. पाच दिवस, टीव्ही बघत. चौऐंशी वाती. त्या बोथट पटाशीनं सांध्यात बसवायच्या, घट्ट पण कोंबून नाही. कापूस भिजला की फुगतो, फळी फुगली की त्याला दाबते, आणि दोघं मिळून पाणी अडवतात. कापूस दबतो, इपॉक्सी दबत नव्हतं. सगळा फरक एवढाच, आणि तो कळायला माझा एक पावसाळा आणि एक फासळी गेली.

कापसावर एक हात पातळ प्रायमर, कारण कोरडं लाकूड आणि कापूस पुटीतलं तेल शोषून घेतात आणि पुटी भुसभुशीत होते. मग जवसाचं तेल, खडूची भुकटी आणि थोडी राळ, हे कणकेसारखं मळून सांध्यात भरलं, पण काठोकाठ नाही. थोडी खोबण सोडली. फळ्या फुगल्या की ती पुटी आपोआप वर येते. सांधे भरले त्या दिवसापासून बोटीवर ओला बारदाना. आणि आता ती पाण्यात मुरते आहे.

परवा दगड काढून ती तरंगवून पाहिली. पहिल्या तासात एकोणीस बादल्या पाणी आत आलं. वहिनीनं माझ्याकडे जसं पाहिलं तसं पाहिलं. पुन्हा दगड भरले. काल तासाला चार बादल्या. आज सकाळी आत वाकून सांध्यांना कान लावला. पाणी झिरपताना बारीक, दूध उतू जाण्याआधी येतो तसा आवाज येतो. तीन ठिकाणी येत होता, संध्याकाळी एकाच ठिकाणी.

आता शिडाचं. आधी पिवळी ताडपत्री होती. ती ताणली की ताणलेलीच राहते, आणि एका उन्हाळ्यात कडकडीत होऊन फाटते. तुझं शीड माझ्या काठीपेक्षा दोन फूट उंच, म्हणून कापावं लागणार होतं. गावातल्या लेडीज टेलरच्या मशीनला ते झेपेना, पण मंडपवाल्याच्या मशीनला झेपलं. मी टेलरला सांगायला लागलो की शीड सपाट नको, पोट हवं, म्हणून कडेला गोलाई हवी. तो म्हणाला, "म्हंजे टक्स घ्याचा आहे, गुरुजी. ब्लाउजले घेतो तसा." विषय संपला. आपल्या इन्स्ट्रक्टरनं अर्धा तास फळ्यावर जे काढून दाखवलं होतं ते त्यानं एका शब्दात सांगितलं. दोरा पॉलिएस्टरचा घेतला, झिगझॅग टीप मारली, आणि शीड लहान करता यावं म्हणून मधून बांधायच्या दोऱ्यांच्या दोन ओळी शिवून घेतल्या.

त्या दोऱ्यांमागेही एक कथा आहे. तीन वर्षांपूर्वी जूनच्या पहिल्या आठवड्यात मी शिडाची शीट, म्हणजे शीड ओढून धरायची दोरी, खुंटीला बांधून निवांत बसलो होतो. होय, बांधून. तू असतास तर बोटीबाहेर फेकलं असतंस मला. पश्चिमेकडून काळं वावधन आलं, आणि गाठ ओली होऊन सुटेना. बोट आडवी झाली, अर्धी भरली. लाइफ जॅकेट अंगात होतं आणि काठ जवळ होता म्हणून हे पत्र लिहितोय. त्यानंतर बसायच्या पाट्यांखाली वीस लिटरचे सहा बंद कॅन पट्ट्यांनी आवळले. प्रत्येक कॅन साधारण वीस किलो उचलतो, म्हणजे भरलेली बोटही तळाला जाणार नाही. शीट आता कायम हातात.

डोलकाठी आपल्याच बांधावरच्या मानवेल बांबूची. जवळजवळ भरीव असतो. कापून महिनाभर बोडीत (लहान तळ्यात) बुडवून ठेवला, म्हणजे आतला गोडवा निघून जातो आणि भुंगा लागत नाही. म्हणजे बघ, या घरात जे टिकवायचं ते सगळं आधी बुडवायचं.

एकच गोष्ट नीट सांगायची राहिली. सपाट तळाची बोट वाऱ्यात खेकड्यासारखी आडवी सरकते. तळाला भोक पाडायचं धाडस झालं नाही, म्हणून दोन वर्षांपूर्वी बाजूला एक फळी बोल्टांनी पक्की ठोकली होती. बोट छान चालायला लागली. आमचं तीन एकर धानाचं वावर धरणाच्या बुडितात गेलं, तुला माहीतच आहे. ऑक्टोबरात पाणी भरलेलं असताना मी पहिल्यांदाच त्यावरून गेलो. वर काही दिसत नव्हतं. मी दूरच्या टेकडीवरून आणि देवळाच्या कळसावरून अंदाज बांधत होतो की इथे धुरा, इथे विहीर. तेवढ्यात खालून धाडकन बसलं आणि फळी मुळापासून मोडली. कोपऱ्यातला आंबा होता तो. बाबांनी लावलेला. लोणच्याला त्याच्याच कैऱ्या यायच्या.

आता दोन्ही बाजूंना एकेक फळी आहे, सातशे दहा नंबरच्या मरीन प्लायची, कडा रंगानं नीट बंद केलेल्या. दोन्ही एकाच बोल्टवर फिरत्या. खाली काही लागलं की फळी मागे उचलली जाते आणि पुढे गेल्यावर पुन्हा खाली येते. वारा जिकडून येतो त्याच्या उलट बाजूची खाली सोडायची, दुसरी वर घ्यायची. टॅकच्या वेळी, म्हणजे वारा दुसऱ्या बाजूला घेऊन बोट वळवताना, धावपळ होते, म्हणूनच क्रू हवा आहे.

दिवाळीनंतर ये. वारा मंद असतो, पाणी भरलेलं असतं, आणि वर आंभोऱ्यापर्यंत जाऊ, जिथे वैनगंगेला कन्हान आणि बाकीच्या नद्या येऊन मिळतात. तिथे आता मोठा केबलचा पूल झालाय. येताना सहा मिलिमीटरची पॉलिएस्टर दोरी पंधरा मीटर आण. नायलॉन नको, ते ताणतं आणि शीड खाली येतं. स्टीलचे चार लहान शॅकल (दोरी अडकवायच्या कड्या) आण. आणि एक छोटी पुली, जुनी चालेल.

वहिनी विचारते आहे, लोणच्याची बरणी पार्सलनं पाठवू की तू आल्यावर देऊ. मी सांगितलं, आल्यावर.

तुझा,
क्रू